दादाजी खोब्रागडेंनी धान ‘शोधला’ म्हणजे नेमकं काय केलं? पोरांना कसं सांगू?

बोडीकाठचा_मास्तर:
नमस्कार मंडळी. मी मूळचा यवतमाळकडचा, कापूस-तुरीतला माणूस. नोकरीनं धानपट्ट्यात आणून टाकलं, आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात शाळेवर आहे. गावातल्या वाचनालयाची एक भिंत रिकामी आहे. सरपंचबाई म्हणाल्या, मास्तर, आपल्या इकडच्या मोठ्या माणसांच्या गोष्टी लिहा त्याच्यावर, पण आपल्या खेड्यापाड्यातल्याच पाहिजेत. ठरलेली नावं : गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे आणि दादाजी खोब्रागडे.

दादाजींचं मी असं लिहिलं : ‘दादाजी रामाजी खोब्रागडे. गाव नांदेड. शिक्षण तिसरीपर्यंत. एचएमटी या धानाच्या वाणाचा शोध लावला. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते सन्मान. २०१० मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव. ३ जून २०१८ रोजी निधन.’

वर्गात वाचून दाखवलं. सहावीतली एक पोरगी उभी राहून म्हणते, “सर, धान शोधला म्हंजे? हरवला होता का?”

सगळा वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर काही देता आलं नाही. कोणी नीट सांगेल का? पुरस्कारांची माहिती नको, ती आहे.

दर्यापूरकर:
मास्तर, तुमच्या भिंतीला जो रोग आहे तोच आमच्या तालुक्यातल्या सगळ्या स्मरणिकांना आहे. जन्म, शिक्षण, सन्मान, निधन. मधला माणूसच गायब.

गाडगेबाबांचं लिहाल तेव्हा ‘थोर समाजसुधारक’ पहिल्या ओळीत लिहू नका, पोरं तिथंच जांभई देतात. पोरीच्या बारशापासून सुरू करा. शेंडगावचा डेबूजी, लहानपण मामाकडे दापुऱ्याला गुरं राखण्यात आणि शेतात गेलेलं. पोरगी झाली. जातभाई जमले ते मटण आणि दारूच्या हिशेबानं, कारण रीतच तशी. आणि यानं पानात वाढलं गोडधोड! १९०५ साली घर सोडून गेला तो माणूस नंतर मोठा झाला, पण आपल्याच भाऊबंदांच्या पंगतीत रीत मोडायची हिंमत त्या आधीची आहे. गाव झाडणं त्यापुढे सोपंच म्हणायचं.

धानाचं मला कळत नाही. आमच्याकडे भात म्हणजे सणाला.

रोवणेवाली:
सर, तुमच्या पोरीचा प्रश्न वाचून मीपण हसली आणि मग जरा गप्प बसली. हाच प्रश्न मी माझ्या बाबाला विचारायला पाहिजे होता, विचारला नाही.

मी तळोधीकडची, लग्न होऊन ब्रह्मपुरी तालुक्यात आली. नांदेड आमच्या माहेराहून फार दूर नाही. पहिले तर भिंतीवर हे लिहा की हे नांदेड म्हणजे मराठवाड्यातलं नाही, नागभीड तालुक्यातलं खेडं आहे. नाहीतर बाहेरचा पाहुणा वाचून म्हणते, तिकडे कुठे धान होते बाप्पा!

आमच्या घरी एचएमटी आलं तेव्हा मी नववीत होती. बाबांनी कोणाजवळून तरी पायलीभर बी आणलं आणि त्याच्या बदल्यात दीड पायली आपलं धान देऊन आले. आई जी चिडली! चांगलं जाडं धान देऊन हे काय कोंड्यासारखं बारीक आणलं म्हणे. नाव ऐकलं तर अजूनच भडकली. एचएमटी तर मोठ्या जावयाच्या मनगटावर होती, हुंड्यात दिलेली, तिचे पैसे अजून फिटायचे होते. मी तर दहावी होईपर्यंत समजत होती की बंगलोरच्या घड्याळाच्या कारखान्यातच हे बी बनवत असतील. शप्पथ. व्यापाऱ्यांनी त्या काळातल्या नावाजलेल्या घड्याळाचं नाव देऊन टाकलं, हे मला फार पुढे कळलं. ज्यानं धान काढलं त्याचं नाव पोत्यावर कुठंच नव्हतं.

आता ‘शोधला’ म्हणजे काय, ते.

रोवण्याच्या, म्हणजे धान लावण्याच्या वेळी आम्ही बाया वाकलेल्या असतो, पऱ्ह्याशिवाय (धानाच्या रोपांशिवाय) काही दिसत नाही. पण धान निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की धुऱ्यावरून (बांधावरून) चालताना एखादा ठोंब वेगळा दिसतोच. एखादा बाकीच्यापेक्षा उंच, एखाद्याच्या लोंबीचा रंग निराळा, एखाद्याचा दाणाच वेगळा. प्रत्येक बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, असतो. आम्ही काय करतो? भेसळ आहे म्हणतो, उपटतो, बैलापुढे टाकतो. मी स्वतः किती टाकले असतील त्याची मोजदाद नाही.

दादाजींनी उपटलं नाही. बस, इथून गोष्ट सुरू होते.

१९८३ ची गोष्ट. बांधीत पटेल-३ नावाचं धान होतं. त्यात त्यांना मोजक्या लोंबा पिवळसर, वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या आणि पुढच्या साली वेगळ्या पेरल्या. त्यातून जे आलं त्यातलं चांगलं पुन्हा निवडलं, पुन्हा वेगळं लावलं. असं सालोसाल. मूठभराचं पायलीभर, पायलीभराचं पोतं. धान सालातून एकदाच येतं सर. तुमचं गणित चुकलं तर खोडून पाच मिनिटांत दुसरं करता येते, इथं एक चूक म्हणजे एक पावसाळा गेला.

आणि हे दीड एकरवाल्या माणसानं केलं. कापसाच्या वीस एकराकडून आलेल्या माणसाला (राग मानू नका) दीड एकर म्हणजे काय ते सांगावं लागेल. बांधीचा एक कोपरा प्रयोगाला अडवला म्हणजे घरातल्या खाण्यातले तेवढे मापटे-कुडव धान गेले. बायकोनं काय म्हटलं असेल ते कोणत्या पुस्तकात लिहिलेलं मी वाचलं नाही, पण माझ्या आईनं पायलीभरासाठी काय काय म्हटलं ते मला पाठ आहे.

बोडीकाठचा_मास्तर:
ताई, वीस एकर नाही हो, बापाचे सात, त्यात आम्ही तीन भाऊ. बाकी सगळं वहीत उतरवून घेतलं.

एक शंका. वेगळी लोंबी पेरली की पुढच्या साली तशीच येते हे कशावरून? आमच्याकडे संकरित कपाशीचं सरकी-बी घरचं लावलं तर एक झाड इकडे, एक तिकडे.

कृषीचा_पोरगा:
सर, तिथंच फरक आहे. धानाचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, शेजारच्या झाडाचा पराग क्वचितच लागतो. त्यामुळे एका लोंबीचं बी वेगळं लावत गेलं, त्यातले वेगळे दिसणारे ठोंब काढत गेलं, तर काही सालांत सगळं पीक एकसारखं होतं. याला निवड पद्धत म्हणतात. संकरित बियाण्याचं तसं नाही, दोन वेगळे आईबाप असतात, पुढच्या पिढीत सगळे गुण विखुरतात.

भिंतीवर हेही लिहा : १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानं (म्हणूनच पीकेव्ही) ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावानं वाण दिला. त्याचं श्रेय कोणाचं यावरून पुढे बरीच वर्षं वाद चालला. ते वगळलं तर पोरांना अर्धीच गोष्ट कळेल.

रोवणेवाली:
वाद लिहा, पण त्यानं सुरुवात करू नका. नाहीतर पोरं दादाजींचं नाव ऐकलं की ‘बिचारा’ म्हणतील. बिचारा माणूस एका वाणावर थांबला असता. त्यांनी नंतर नांदेड ९२ काढलं, नांदेड चिन्नोर काढलं, अजून काढले. एकाचं नाव डीआरके. अक्षरं जुळवून पाहा सर. घड्याळाच्या नावावरून शहाणपण आलं असेल, हे आपलं माझं म्हणणं.

अजून एक लिहा, कोणी लिहीत नाही. आम्ही एचएमटी पिकवायचो, खायचो नाही. बारीक धान बाजारात, जाडं घरी. चुरणा (मळणी) झाला की बाबा पोती वेगळी करायचे आणि एचएमटीच्या पोत्याला आम्ही पोरांनी हातही लावायचा नाही. बाबांनी त्याच पैशावर माझ्या भावाला आयटीआय केलं. पोटभर एचएमटीचा भात मी पहिल्यांदा खाल्ला तो स्वतःच्या लग्नात, तोही सगळ्या पंगती उठल्यावर, गार झालेला. पण काय सुटा, मोकळा होता! वरण नसतं तरी चाललं असतं.

तुमच्या पोरांना सांगा, घरी जाऊन विचारा, आपल्या बांधीत एचएमटी कोणत्या साली आलं, कोणाजवळून आलं, बदल्यात काय दिलं. पन्नास घरांत पन्नास गोष्टी निघतील. त्या दादाजींच्याच समजा. फोर्ब्सचं एका ओळीत उरका.

मंडई_पाहणारा:
ताईंनी बाजी मारली. पण परशुराम खुण्यांचंही मास्तर असंच मारून टाकतील, ‘२०२३ मध्ये पद्मश्री’ म्हणून. मास्तर, तुम्ही झाडीपट्टीचं नाटक पाहिलं का? दिवाळी झाली, धान घरात आलं, हातात दोन पैसे आले की मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्रभर नाटक. वडशाहून मंडळ्या निघतात, एका गावाहून दुसऱ्या गावी. प्रेक्षक तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) बसलेला, अंगावर घोंगडी. पहाटे नाटक सुटलं की तोच माणूस थेट चुरण्यावर. हे न सांगता नटाचं चरित्र काय सांगणार? धान पिकलं नाही तर तिकीट कोण काढणार? तुमच्या भिंतीवर दादाजी आणि खुणे शेजारीशेजारी ठेवा, एवढंच म्हणतो.

दर्यापूरकर:
आणि तुकडोजी महाराजांच्या हातात खंजिरी काढा. आमच्या शाळेत चित्रकारानं वीणा दिली होती. मोझरीचा, महाराजांच्या आश्रमाच्या गावचा, पाहुणा आला, त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, हे कोण?

बोडीकाठचा_मास्तर:
खंजिरी, लिहून घेतलं.

मंडळी, जुनं सगळं पुसलं. दादाजींची सुरुवात आता अशी आहे : ‘बांधीत वेगळा दिसणारा ठोंब आपण उपटून बैलापुढे टाकतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या एका माणसानं १९८३ साली तो टाकला नाही.’ पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हंजे हरवला नव्हता, दिसत नव्हता.” हेच वाक्य खाली लिहायला रंगाऱ्याला दिलं आहे.

घरोघर विचारायचं कामही सुरू झालं. पहिल्याच दिवशी एका आजीनं सांगितलं, आमचं एचएमटी माहेरून आलं, लेकीच्या लुगड्याच्या ओटीत बांधून. दुसऱ्या घरी म्हाताऱ्यांनी साल सांगितलं ते ‘मोठी बोडी फुटली त्या साली’ (बोडी म्हणजे इकडचं लहान तळं). बोडी कधी फुटली यावर दोघा भावांचं भांडण लागलं, मी चहा पिऊन निघून आलो.

रोवणेवाली ताई, धान निसवलं की पोरांना घेऊन तुमच्या बांधीवर येऊ का? तीसेक आहेत, धुरा तुडवणार नाहीत याची हमी मात्र देत नाही.

रोवणेवाली:
या. डबे आणू नका, भात मी रांधते. एचएमटीचाच. धुऱ्यावरून एकामागे एक चालवा, आणि बैलाजवळ पाठवू नका, मारका आहे.

बोडीकाठचा_मास्तर:
येतो. आता शेवटचं एक सांगा कोणीतरी. पोरांना भिंतीवर खरी लोंबी चिकटवायची आहे. चिकटवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर नुसती काडी. वाचनालयात उंदीर आहेत. काय करावं?