कॅम सॉफ्टवेअरचे डोंगल : संगणक बदलला, डोंगल बिघडले किंवा हरवले तर लायसन्सचे काय?

प्रश्न : कुपवाड_टूलरूम

नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमचे लहान टूलरूम आहे आणि डाय-मोल्डची कामे आम्ही करतो. काही वर्षांपूर्वी घेतलेले कॅम सॉफ्टवेअर (ड्रॉइंगवरून मशीनसाठी प्रोग्रॅम तयार करणारे) यूएसबी डोंगलवर, म्हणजे लायसन्स तपासण्यासाठी संगणकाला लावायच्या लहान वस्तूवर, चालते. आमच्याकडे सगळे त्याला 'लॉक' म्हणतात. विंडोज ७ असलेला जुना संगणक वारंवार बंद पडू लागल्याने विंडोज ११ चा नवा संगणक घेतला. त्यावर सॉफ्टवेअर व्यवस्थित बसले, परंतु सुरू करताना 'की सापडली नाही' असा संदेश येतो. डोंगल जुन्या संगणकाला लावले की तांबडा दिवा लागतो, नव्याला लावले की लागत नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की नवीन व्हर्जन घ्या, आणि आज तेवढी रक्कम आमच्याकडे नाही.

डोंगलचे यूएसबीत जाणारे पत्र्याचे तोंड एका बाजूला वाकले आहे, त्यामुळे ते कधी दगा देईल याची धास्ती वाटते. एका ओळखीच्या माणसाने 'लॉकची कॉपी करून देतो' असे सांगितले, पण मन तयार होत नाही. या वस्तूच्या आत नेमके असते तरी काय? पेन ड्राइव्हसारखी तिची प्रत का काढता येत नाही? आणि आमचा प्रोग्रॅमर घरून टूलपाथ (मशीनमधल्या हत्याराने कापत जाण्याचा मार्ग) तयार करू इच्छितो, ते शक्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : विश्रामबागकर

आपल्या प्रश्नांपैकी 'आत काय असते' हा पहिला घेतो, कारण तो समजला की कॉपीचे उत्तर त्यातच मिळते. दिसायला पेन ड्राइव्ह असला तरी डोंगलमध्ये हिशेब करणारी चिप असते. सॉफ्टवेअर सुरू होताना, आणि पुढे काम चालू असतानाही अधूनमधून, एखादा वाटेल तो आकडा डोंगलकडे पाठवते. चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने त्या आकड्याचे रूपांतर करून उत्तर परत देते आणि ते उत्तर जुळले तरच प्रोग्रॅम पुढे सरकतो. आकडा दर वेळी वेगळा असल्याने कालचे उत्तर नोंदवून ठेवले तरी आज त्याचा उपयोग होत नाही. ही गुप्त किल्ली बाहेर वाचून काढण्याची सोयच चिपमध्ये ठेवलेली नसते. शिवाय अनेक कंपन्या प्रोग्रॅमचा काही भाग सांकेतिक रूपात ठेवतात व तो डोंगलच्याच मदतीने उलगडतो, म्हणजे केवळ 'लॉक आहे का' ही तपासणी काढून टाकून भागत नाही.

पूर्वी प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला जे डोंगल लावत आणि त्याच्या पाठीला प्रिंटरची केबल जोडत, त्यातली बरीचशी साधी होती. ठरावीक प्रश्नाला ठरावीक उत्तर देत आणि म्हणून त्यांची नक्कल करणे त्या मानाने सोपे होते. 'कॉपी करून देतो' ही भाषा त्या काळातून आली आहे.

चिपमध्ये किल्लीखेरीज लायसन्सच्या नोंदीही असतात : कोणते मोड्यूल चालू आहे, मुदत किती, एका वेळी किती जणांनी वापरायचे. आपण उद्या पाच अक्षांच्या मशीनचे मोड्यूल (सॉफ्टवेअरचा वेगळा विकला जाणारा भाग) विकत घेतले तर नवे डोंगल लागतेच असे नाही. सेंटिनेल या प्रचलित डोंगलच्या पद्धतीत आपण डोंगलची माहिती एका लहान फाइलमध्ये काढून विक्रेत्याला पाठवायची आणि त्याच्याकडून आलेली फाइल डोंगलवर चढवायची. ती फाइल त्याच एका डोंगलसाठी तयार केलेली असते. शेजारच्या कारखान्यातल्या डोंगलवर ती चढत नाही.

कॉपीच्या मोहात पडू नका, हे कळकळीने सांगतो. स्वामित्वहक्क कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आले. त्यानुसार हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. आणि असला प्रोग्रॅम ज्या संगणकावर चालवाल, त्याच संगणकावर तुमच्या ग्राहकांची ड्रॉइंग्ज असतात, याचाही विचार करावा.

उत्तर २ : सातारा_डाय_डिझाईन

विश्रामबागकर सरांनी आतली बाजू सांगितली, मी रोजच्या कामातली सांगतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमच्याकडेही नेमका हाच प्रकार झाला होता आणि नवीन व्हर्जन न घेता सुटला.

आपले डोंगल हास्प किंवा सेंटिनेल घराण्यातले आहे का, ते आधी पाहा. हास्प मूळचे अलादीन या इस्रायली कंपनीचे. ती सेफनेटमध्ये गेली, सेफनेट जेमाल्टोकडे आणि २०१९ मध्ये जेमाल्टो थेल्सकडे. त्यामुळे एकाच डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला डोंगलशी बोलता यावे म्हणून बसवायचा प्रोग्रॅम) जुन्या सीडीवर एका नावाने आणि आज दुसऱ्या नावाने मिळतो आणि माणूस गोंधळतो. आपण बहुधा सॉफ्टवेअरबरोबर आलेला जुनाच ड्रायव्हर बसवला असेल. विंडोज ११ मधील 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा असे जुने ड्रायव्हर अडवते. ती सुरक्षा बंद करा असा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. डोंगल काढून ठेवा, जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून सध्याचा रनटाइम (नव्या ड्रायव्हरसह येणारा डोंगलचा प्रोग्रॅम) घेऊन बसवा, संगणक पुन्हा सुरू करा आणि मगच डोंगल लावा. डोंगल अगदी जुन्या हास्प-४ पिढीचे निघाले तर मात्र नव्या रनटाइमचा उपयोग होणार नाही आणि विक्रेत्याकडून बदलून घ्यावे लागेल.

त्यानंतर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:१९४७ (इंग्रजीत localhost:1947) हा आपल्याच संगणकाचा पत्ता टाका. स्वातंत्र्याचे वर्ष असल्याने आकडा विसरत नाही. उघडणाऱ्या पानावर जोडलेल्या डोंगलचा क्रमांक व त्यातली लायसन्से दिसतात. तिथेच दिवा लुकलुकवण्याचे बटण आहे. आमच्याकडे एका हबला चार डोंगल लागलेली असतात, तेव्हा कोणते कशाचे ते त्याच बटणाने ओळखतो.

घरून काम करण्याबाबत : एका संगणकापुरते दिलेले डोंगल ऑफिसच्या संगणकाला लावून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने घरून जोडले, तर बहुतेक प्रोग्रॅम ते ओळखून चालण्यास नकार देतात, कारण नाहीतर एका लायसन्सवर दहा जण बसतील. नेटवर्क डोंगल असेल तर ते एका संगणकाला लावून बाकीच्यांनी नेटवर्कमधून वापरायचे असते, फायरवॉलमध्ये तोच १९४७ पोर्ट मोकळा ठेवावा लागतो, आणि जेवढ्या जागा विकत घेतल्या तेवढेच जण एका वेळी काम करू शकतात. घरच्या वापराला करारात परवानगी आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारून घ्यावे.

उत्तर ३ : गावभाग_सांगली

माझा अनुभव वेगळ्या कारणाने सांगतो. २०१९ च्या पुरात आमच्या ऑफिसात पाणी शिरले. संगणक वरच्या मजल्यावर नेले, पण स्ट्रक्चरल डिझाईनच्या सॉफ्टवेअरचे डोंगल टेबलाच्या खणात राहिले. पाणी उतरल्यावर ते सापडले तेव्हा प्लॅस्टिकच्या फटीतून गाळ आत गेला होता आणि दिवा लागला नाही. आमच्याकडे बिल होते, सीडी होती, पत्रव्यवहार होता. तरीही विक्रेत्याने सांगितले की बिघडलेले डोंगल परत केले तर किरकोळ शुल्कात बदलून मिळते, हरवले तर मात्र पूर्ण किंमत भरावी लागते; कारण हरवलेले डोंगल दुसऱ्या कोणाच्या हाती चालू राहू शकते. गाळाने भरलेला तो तुकडा आम्ही फेकला नव्हता, म्हणूनच वाचलो. विम्यात मात्र आम्ही त्याची नोंद संगणकाचा सुटा भाग म्हणून केली होती, त्यामुळे तिथून काही हाती आले नाही. आता पॉलिसीत ते सॉफ्टवेअरच्या पूर्ण किमतीने वेगळे लिहिले आहे. आपल्या डोंगलचे तोंड वाकले आहे, तर ते पूर्ण मोडण्याची वाट पाहू नका. चालू अवस्थेत आहे तोवरच बदलून घेण्याचा अर्ज करा, आणि मोडले तर एकही तुकडा टाकू नका.

कुपवाड_टूलरूम

सर्वांचे मनापासून आभार. जुना ड्रायव्हर काढून नवा रनटाइम बसवला आणि नव्या संगणकावर तांबडा दिवा लागला. काल संध्याकाळी एका मोल्डच्या कोअरचा टूलपाथ त्यावर तयार करून मशीनला दिला. लोकलहोस्टच्या पानावरून डोंगलचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आहे. वाकलेले तोंड सारखे काढ-घाल करण्यापेक्षा ते एका आखूड एक्स्टेंशन केबलला कायमचे लावून केबल टेबलाच्या आत बांधली, आणि बदली डोंगलसाठी विक्रेत्याला आजच लेखी अर्ज पाठवला. घरून काम करण्याच्या परवानगीचा प्रश्न त्याच अर्जात विचारला आहे. उत्तर आले की येथे कळवतो.