मेटल डिटेक्टर घेऊन बागेत गेलं तर चालतं का? (मुंबई) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाच्याने परदेशातून मेटल डिटेक्टर आणलाय आणि दादर-माटुंग्याच्या बागांत तो फिरवायचा त्याचा हट्ट आहे. मला आधी नियम समजून घ्यायचेत.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! हल्ली तेवढ्यात कटिंगही मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं निघालं तर १९७२ चा पुरावशेष कायदाही आहेच. सायन किल्ल्यासारख्या संरक्षित जागी जायचं नाही, हे त्याला बजावलंय.

प्रश्न साध्या बागांचा आहे. महापालिकेच्या उद्यान विभागाकडून कुणी यासाठी परवानगी काढली आहे का? अर्ज वॉर्ड ऑफिसात द्यायचा का? नुसतं यंत्र फिरवलं, खणलं नाही, तरी वॉचमन हाकलतो का? आणि कुणाची अंगठी सापडली तर थेट पोलीस चौकीत द्यायची ना?

मुळांजवळ खुरपं लावायचं नाही, खड्डा लगेच बुजवायचा, मुलं खेळतात तिथून लांब राहायचं, एवढं ठरलंय. त्यापेक्षा जुहूच्या वाळूत जाणं बरं का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.