मदत हवी आहे: पिस्तुलाची काडतुसं घरी भरायला पहिला प्रेस कोणता घेऊ?

नवानेम
दोन आठवडे वाचतोय, डोकं भणभणायला लागलंय. कोणी सिंगल स्टेज (एका वेळी एकच टप्पा) म्हणतं, कोणी टरेट (साचे फिरत्या चकतीवर), कोणी थेट प्रोग्रेसिव्ह (दांड्याच्या एका ओढीत सगळे टप्पे). दीड वर्षाच्या झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या साठवल्यात, दोन बादल्या भरल्या. शनिवारी ऑर्डर टाकायचीच आहे. मॅन्युअल वाचलंय, परवान्याचं बघितलंय, ते कृपया सांगू नका. फक्त प्रेसचं नाव सांगा.

पुंगळीवेचा
कॅलिबर कुठलं? आठवड्याला किती झाडता? टेबल पक्कं आहे की घडीचं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

संथगती
कॅलिबर कुठलंही असू दे, पहिला प्रेस सिंगल स्टेजच. पन्नास पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या करायच्या, सगळ्यांत पावडर घालायची आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च तिरपा धरून एकेका ओळीत डोकवायचं. एखादीत पातळी वर असली की लगेच नजरेला खटकते. मी अशीच एक पकडली होती. मध्येच फोन आला म्हणून उठलो आणि परत येऊन त्याच पुंगळीत पुन्हा माप ओतलं. अख्खा ट्रे रिकामा करून पहिल्यापासून भरला.

चौथाटप्पा
काळजी बरोबर आहे, पण तासाला पन्नास-साठ काडतुसं? नियमित झाडणारा माणूस कंटाळून सोडून देतो. डिलन कंपनीचा प्रोग्रेसिव्ह ५५० घ्या, एकदाच घ्या. चारही टप्पे एका प्रेसवर, दांडा ओढला की एक काडतूस तयार.

संथगती
पण त्याची पुंगळ्या धरणारी प्लेट हाताने फिरवायची असते. फिरवायची राहिली आणि दांडा पुन्हा ओढला, की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर. नवख्याला हे कसं सुचवता?

चौथाटप्पा
त्यासाठी पुंगळी निम्म्याहून जास्त भरेल अशी फुगीर पावडर निवडायची. दुसऱ्यांदा पडली तर उतू जाते, कळल्याशिवाय राहत नाही.

हिरवीबाटली
प्रेसचं होईल हो. पुंगळ्या साफ कशाने करणार? अक्रोडाच्या टरफलांचा भुसा वापरलात तर त्याच्या धुळीत प्रायमरचं (पुंगळीच्या बुडातली पेटवणारी टोपी) शिसं उतरतं. घरात लहान मुलं असतील तर ओलं टंबलिंगच करा, म्हणजे ड्रममध्ये पाणी घालून पुंगळ्या घुसळा.

संथगती
ओल्यात स्टीलच्या पिना पुंगळीत अडकून राहतात, त्या कोण शोधणार? भुसाच वापरा, पण ड्रम घराबाहेर उघडा आणि नंतर हात धुवा.

दूरवेध
पुंगळीला वंगण लावायला विसरू नका, नाहीतर डायमध्ये (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यात) अशी रुतते की करवतीने कापावी लागते. आणि दर वेळी लांबी मोजून ट्रिम करा.

पुंगळीवेचा
दूरवेध, तुमचं म्हणणं बाटलीच्या आकाराच्या रायफल पुंगळ्यांना लागू. पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला कार्बाइड डाय असला तर वंगण लागत नाही. नवानेम, कॅलिबर?

नवानेम
हो, राहिलंच. .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर, आणि आता ९ मिमी पिस्तूल. आठवड्याला शंभरेक. टेबल घडीचं आहे.

पुंगळीवेचा
हे आधी लिहिलं असतंत तर! ली कंपनीचा चार भोकांचा क्लासिक टरेट घ्या. टरेट आपोआप फिरवणारी सळई काढली की तोच प्रेस सिंगल स्टेजसारखा चालतो. पहिली पाचशे तसंच करा, संथगतींचा ट्रे आणि टॉर्च वापरून. हात बसला की सळई परत घाला.

.३८ ला जास्त जपा. १८९८ साली ते काळ्या दारूसाठी आलं, म्हणून पुंगळी ऐसपैस. आजची पावडर तळाशी चिमूटभर दिसते, दुप्पट सहज मावते. याउलट पावडर पडलीच नाही तर नुसता प्रायमर गोळीला नळीत ढकलतो. माझ्या बाबतीत झालंय: आवाज "फट्" एवढाच, धक्का जवळजवळ नाहीच, सिलिंडर फिरेना. पुढची झाडली असती तर नळी फुगली असती. असा आवाज आला की थांबा आणि नळी तपासा.

दोन्हींचे डाय वेगळे. .३८ बुडाच्या काठावर टेकतं, त्याला रोल क्रिंप (तोंड आत वळवून आवळणं). ९ मिमी पुंगळीच्या तोंडावर टेकतं, त्याला टेपर क्रिंपच (तोंड न वळवता आवळणं). ९ मिमी काडतुसाची एकूण लांबी २९.६९ मिमीच्या वर नको, तेव्हा कॅलिपर हवाच. पिस्तुलाची नळी सोडवून काडतूस आत टाका. टक्कन बसून बोटाने मोकळं फिरलं पाहिजे. प्रेसच्या पैशात काटकसर करा, वजनकाट्याच्या नको. सोबत तपासणीची वजनं घ्या आणि चुकलेली उघडायला हातोडीसारखा पुलर.

घडीच्या टेबलावर यातलं काहीच जमणार नाही. दांडा दाबला की टेबल हलतं आणि पुंगळीतली पावडर सांडते.

नवानेम
मनापासून आभार. आधी फळी भिंतीला पक्की करतो, प्रेस पुढच्या शनिवारी. .३८ चा डायचा संच तीनचा घेऊ की चारचा?

पुंगळीवेचा
चारचा. तीनच्या संचात गोळी बसवणं आणि क्रिंप एकाच डायमध्ये होतं. गोळी खाली उतरत असतानाच तोंड आवळलं जातं आणि पुंगळीची कड शिसं खरवडते. दोन्ही वेगळं केलंत तर काय बिघडलं ते लगेच सापडतं.