पन्नास लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेणारे मूर्ख? हा घ्या हिशेब

कोथरूडचा_मीटर:
काल एका सद्गृहस्थांनी फर्मान काढलं, "पन्नास लाख घालून इलेक्ट्रिक घेणारा मूर्ख. आठ वर्षांनी भंगारवालाही फुकट नेणार नाही." डोकं फिरलं, म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

बीएमडब्ल्यूची एक्स1 पेट्रोल आणि तिचीच इलेक्ट्रिक बहीण आयएक्स1 लाँग व्हीलबेस घ्या. दोन्हींची एक्स-शोरूम किंमत पन्नासच्या आगेमागे. पेट्रोलला आपल्याकडे महाराष्ट्रात रोड टॅक्स 13 टक्के, म्हणजे साडेसहा लाख. इलेक्ट्रिकला शून्य. (मार्च 2025 च्या बजेटात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिकला 6 टक्के लावायचा बेत होता, तो फडणवीसांनी मागे घेतला.) शहरात पेट्रोलवाली दहाचं ॲव्हरेज देते असं धरू, पेट्रोल लिटरला 104 रुपये धरू. किलोमीटरला 10 रुपये 40 पैसे. इलेक्ट्रिक युनिटला सहा किलोमीटर धावते, घरचं युनिट 12 रुपये धरा, झाले 2 रुपये. वर्षाला 12,000 किलोमीटर म्हटलं तर लाखाचा फरक. आठ वर्षांचे आठ, वरचे साडेसहा. साडेचौदा लाख! आणि ही आठही वर्षं बॅटरी वॉरंटीत, 1,60,000 किलोमीटरपर्यंत. आता कोण मूर्ख?

सेकंडहँड_सदू:
मीच तो सद्गृहस्थ. रीसेलचा रकाना सोयीस्करपणे गाळलात. जुन्या गाड्यांच्या धंद्यात केस पांढरे झालेत माझे. पन्नास लाखांच्या गाडीत पेट्रोल मोजणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कोशिंबीर मोजणं! खरा खर्च घसाऱ्याचा, म्हणजे गाडीची किंमत उतरण्याचा. सहा वर्षांची इलेक्ट्रिक आली की गिऱ्हाईक बॉनेटसुद्धा उघडत नाही, "वॉरंटी किती उरली?" एवढंच विचारतं. पेट्रोलचे वीस येतील तिथे हिचे बारा आले तर नशीब.

आणि इलेक्ट्रिकला जीएसटी 5 टक्के, या पेट्रोलवालीला 40, तरी दोघींची किंमत सारखी? म्हणजे मुळात गाडी महागच. सरकारने उद्या करसवलतीचा हात काढला की?

कोथरूडचा_मीटर:
हात काढला तर नवी महाग होईल, मग जुनीचा भाव चढेल ना? तुमच्याच धंद्याचं गणित, सदूभाऊ. आणि रीसेलचे तुमचे आठ लाख (वीस उणे बारा) वजा केले तरी माझ्याकडे साडेसहा उरतात.

तिसरा_मजला:
12 रुपये युनिट घरी चार्ज केलं तर. सोसायटीने लावू दिलं तर!!! माझी गाडी दारात येऊन पाच महिने झाले. कमिटी म्हणते आग लागेल. खाली सतरा पेट्रोलच्या गाड्या टाक्या भरून उभ्या आहेत, त्यांचं काय? माझ्या मीटरवरून, माझ्या खर्चाने वायर ओढतो म्हटलं तरी एनओसी नाही. बाहेर फास्ट चार्जरला वीस-पंचवीस रुपये युनिट मोजतोय आणि कॉफीचे वेगळे.

चेअरमन_आहे_बाबा:
दुसरी बाजू ऐका. आमच्या बिल्डिंगची मीटर रूम पंचवीस वर्षांपूर्वीची. एकाला परवानगी दिली की दहा जण रांगेत. लोड वाढवायचा, नवी केबल टाकायची, तो पैसा सिंकिंग फंडातून, म्हणजे बिल्डिंगच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सगळ्यांनी साठवलेल्या पैशातून? ज्या आजींकडे सायकलही नाही त्यांनी तुमच्या आलिशान गाडीसाठी मेंटेनन्स वाढवून घ्यायचा?

तिसरा_मजला:
त्याच आजींनी तुमच्या जिमचे पैसे भरले ना? ती चेअरमनसाहेबांच्या चिरंजीवांशिवाय कोण वापरतं?

चेअरमन_आहे_बाबा:
मुलावर जाऊ नका. फुकट काम करतो आम्ही. या, घ्या खुर्ची, बघू किती दिवस टिकता.

नाशिकची_सून:
भांडा. आमची कथा ऐका. यांनी हौसेने सात सीटची जर्मन पेट्रोल घेतली, सेकंडहँड, "स्वस्तात पडली" म्हणून. पहिल्याच पावसाळ्यात सासऱ्यांनी तुंबलेल्या पाण्यात घातली, इंजिनात पाणी. विम्यात झिरो डेप होता (पार्ट बदलताना घसारा न कापणारा), इंजिन प्रोटेक्ट नव्हता (इंजिनात पाणी गेलं तर भरपाई देणारा). बिल बघून सासरे दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा पेट्रोलवाली बिनखर्चाची असते हे मला सांगू नका.

सेकंडहँड_सदू:
वहिनी, तो गाडीचा दोष नाही, सासऱ्यांचा आहे.

नाशिकची_सून:
ते यांना सांगून बघा.

सेकंडहँड_सदू:
बरं, मीटरसाहेब. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल, घरी स्वतःचा चार्जर असेल आणि महाराष्ट्रात राहत असाल, तर तुमचा आकडा जुळतो. झालं समाधान? पण पन्नास लाखवाले माझ्याकडे तीन-चार वर्षांत गाडी बदलायला येतात. तेव्हा तुमची पेट्रोलची बचत तीन-चार लाखच झालेली असते आणि रीसेलचा खड्डा मात्र पुरा.

कोथरूडचा_मीटर:
"मूर्ख" शब्द मागे घेतलात एवढं पुरे. तीन वर्षांत बदलणाऱ्यांबद्दल मी बोलतच नव्हतो, त्यांना बचत कशाला हवी?

तिसरा_मजला:
रविवारी आमची सर्वसाधारण सभा. चार्जर विषयपत्रिकेवर नवव्या नंबरला आहे. पहिला विषय कबुतरांची जाळी.