‘डेकोरेटेड सोल्जर’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : ब्रिटिश फौजेतले फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यावर छोटा चरित्रलेख लिहितेय. जन्म कानपूरचा, १८३२ चा. इथवर ठीक. पुढे ‘डेकोरेटेड सोल्जर’, म्हणजे पदकं मिळालेला सैनिक, आडवा आला. भाषांतराच्या यंत्राने ‘सुशोभित सैनिक’ सुचवलं आणि झेंडूच्या माळा घातलेला फील्ड मार्शल डोळ्यांपुढे आला! ‘पदकविजेता’ चालेल का?

– ‘विजेता’ नको हो. विजेता आला की स्पर्धा आली, मागोमाग उपविजेता आला. परमवीर चक्राच्या बातम्यांतही हा घोळ होतो. रॉबर्ट्सना ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, मिळालं होतं; तेव्हा सरळ ‘व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी’ लिहा.

– मानकरी कानाला बरा वाटतो, पण जुना अर्थ बघा. पेशवाईतला मानकरी म्हणजे दरबारात मान असलेला सरदार, आणि तो मान बहुधा घराण्यात चालायचा. गावच्या पालखीचा मानकरी आजही तसाच ठरतो. व्हिक्टोरिया क्रॉस वारशाने मिळत नाही.

प्रश्नकर्ती : या घरात मात्र बाप-लेक दोघांनाही आहे! मुलगा डिसेंबर १८९९ मध्ये बोअर युद्धात, दक्षिण आफ्रिकेतल्या कोलेन्सोला तोफा सोडवताना जबर जखमी झाला, दोन दिवसांनी गेला. त्याचा क्रॉस त्याने स्वतःच्या जिवावर कमावलेला, वडिलांच्या नव्हे, हे मान्य.

– मग ‘मानकरी’च ठेवा. साहित्य अकादमीचे मानकरी म्हणताना घराणं कुणाच्या मनात येतं? शब्द केव्हाच पुढे गेलाय. एकापेक्षा जास्त सन्मान सांगायचे असतील तर ‘अनेक पदकांनी सन्मानित’. ‘विभूषित’ मला जरा सत्कार समारंभातला वाटतो.

– व्हिक्टोरिया क्रॉसवर ‘फॉर व्हॅलर’ कोरलेलं असतं. त्याचं ‘शूरांसाठी’ करू नका, ‘शौर्यासाठी’ करा. आधी ‘फॉर द ब्रेव्ह’ असंच ठरत होतं. राणी व्हिक्टोरियाने ते बदलायला लावलं, कारण मग ज्यांना पदक नाही ते शूर नाहीत, असा अर्थ निघाला असता. शब्दचर्चेत राणीही आपल्यातलीच म्हणायची.

– एक धोक्याची जागा, रॉबर्ट्सला क्रॉस मिळवून देणारा प्रसंग. १८५७ चं बंड चालू होतं; २ जानेवारी १८५८, खुदागंज. बंडवाले दोन शिपाई निशाण घेऊन निघाले होते, रॉबर्ट्सने घोडा घालून त्यांना गाठलं. एकाने बंदुकीचा चाप ओढला, बार उडालाच नाही. निशाणवाला कापला गेला. त्याच दिवशी दुसऱ्या एका शिपायाने संगीन रोखून इंग्रजांकडच्या एका हिंदी स्वाराला अडवलं होतं, तिथेही हा मधे पडला. इथे ‘शिपाई’ आणि ‘स्वार’ हेच शब्द ठेवा. दोघांनाही ‘सैनिक’ केलंत तर कोण कुणाला मारतंय ते कळणार नाही. आजच्या वाचकाला शिपाई म्हणजे साहेबाच्या केबिनबाहेरचा स्टुलावरचा माणूस, म्हणून पहिल्यांदा ‘पलटणीतला शिपाई’ म्हणा. आणि त्या स्वाराने कितीही मर्दुमकी गाजवली असती, तरी त्याला हा क्रॉस नव्हता. हिंदी सैनिकांना तो १९११ मध्ये खुला झाला.

प्रश्नकर्ती : ‘मानकरी’ पक्का. आता शेवटची अडचण. १८८० च्या काबूल–कंदाहार कूचमध्ये रॉबर्ट्सकडे व्होनोलेल नावाचा अरबी घोडा होता, मुंबईत विकत घेतलेला. राणीने त्यालाही अफगाण मोहिमेचं पदक आणि काबूल–कंदाहारचा तारा दिला. मिरवणुकीत तो ते गळ्यात मिरवायचा. घोड्याला काय म्हणू?

– सुशोभित!