स्वयंपाकघर नव्याने करताना डिशवॉशर आणि कचरा दळणारे यंत्र : मराठवाड्यात काय परवडेल?

धागाकर्ता (छत्रपती संभाजीनगर) :
सिडकोतील आमच्या जुन्या घराचा ओटा फोडून स्वयंपाकघर नव्याने करण्याचे काम दिवाळीनंतर सुरू होणार आहे. मॉड्युलर किचनवाल्याने आराखड्यात ओट्याखाली ६० सेंटिमीटर रुंदीचा डिशवॉशर आणि सिंकखाली ओला कचरा दळून सांडपाण्यात सोडणारे यंत्र, म्हणजेच डिस्पोजर, अशी दोन्ही यंत्रे जोडीने दाखवली आहेत. माझ्या मते या दोहोंचा विचार जोडीने करणेच चुकीचे आहे. पहिले यंत्र आपल्याकडे विचारपूर्वक घेता येते. दुसरे घेऊ नये.

बारा-चौदा जणांच्या भांड्यांचा डिशवॉशर एका फेरीत साधारणपणे १० ते १२ लिटर पाणी घेतो, कारण तेच पाणी गाळून, गरम करून पुन्हा पुन्हा फवारले जाते. सिंकचा नळ मिनिटाला ६ लिटर पाणी सोडतो असे धरले, तर तेवढे पाणी दोन मिनिटांत वाहून जाते. जायकवाडी भरलेले असतानाही ज्या शहराला कित्येक दिवसांआड पाणी मिळत आले, तेथे हा हिशेब किरकोळ नाही. डिस्पोजरचे मात्र उलट आहे. तो चालू असेपर्यंत नळ सोडून ठेवावा लागतो, आणि कचरा नाहीसा न होता केवळ आपल्या नजरेआड होतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्यानंतर शहरभर साचलेले ढीग आपण सर्वांनी पाहिले आहेत. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची सवय त्यातून कशीबशी लागली. ती आता पाइपात सोडून देण्यात मला शहाणपणा दिसत नाही. विरुद्ध मत असणाऱ्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद (लातूर) :
दादा, डिस्पोजरबाबत आपल्याशी सहमत आहे, परंतु डिशवॉशरचा आपला हिशेब नळ सोडून भांडी घासणाऱ्या घराला लागू पडतो, आणि तसे घर लातुरात शोधावे लागेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या गावाने प्यायले, तेथे भांडी आजही घमेल्यात घासून दोन बादल्यांत विसळली जातात, आणि शेवटच्या विसळणीचे पाणी झाडांना किंवा संडासात वापरले जाते. यंत्रातील पाणी तीव्र डिटर्जंटचे असल्याने ते झाडांना घालता येत नाही आणि थेट गटारात जाते. म्हणजे बचतीच्या नावाखाली आपण फेरवापराचे पाणी गमावतो.

दुसरे असे की, ‘बारा जणांची भांडी’ हे माप युरोपातील ताटल्या, पेले आणि काटे-चमचे धरून केलेले आहे. आपल्या घरी एक परात, कुकर, कढई आणि दोन पातेली ठेवली की खालचा कप्पा भरतो. लोखंडी तवा त्यात गंजतो, जर्मनची (ॲल्युमिनियमची) पातेली काळी पडतात, कल्हईची भांडी आणि लाकडी पोळपाट तर ठेवायचेच नसतात. ही सगळी भांडी शेवटी हातानेच घासायची असतील, तर यंत्र नेमके कोणासाठी घ्यायचे?

प्रतिसाद (नांदेड) :
डिस्पोजरची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. आम्ही दोघेही नोकरी करतो, चौथ्या मजल्यावर राहतो आणि घंटागाडी येते तेव्हा घरी कोणी नसते. उन्हाळ्यात ओल्या कचऱ्याचा डबा दुसऱ्या दिवशी उघडवत नाही. अमेरिकेत जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये हे यंत्र तयार केले आणि तेथील असंख्य घरांत ते आज रोजच्या वापरात आहे. न्यूयॉर्क शहराने त्यावर अनेक वर्षे बंदी घातली होती, मात्र तपासणी करून ती १९९७ मध्ये उठवली. एवढे मोठे शहर जे पचवू शकते, त्याला आपण न वापरताच नाके का मुरडावीत? शिवाय सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पोचलेल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस मिळवता येतो, हेही लक्षात घ्यावे.

धागाकर्ता :
भाऊ, आपल्या शेवटच्या वाक्यातील ‘पोचलेल्या’ या अटीवरच माझा आक्षेप उभा आहे. न्यूयॉर्कमध्ये सिंकपासून प्रक्रिया केंद्रापर्यंत वाहिन्या आहेत. आपल्याकडे असंख्य घरांचे आणि अपार्टमेंटचे सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये आणि तेथून शोषखड्ड्यात जाते. दळलेला कचरा टँकच्या तळाशी गाळ वाढवतो, त्यामुळे उपशाची गाडी लवकर बोलवावी लागते; आणि बारीक कण पुढे गेले, तर शोषखड्ड्याची जमीन पाणी ओढणे बंद करते. जिथे टँक नाही, तिथे नाला आहे, आणि नाल्यांतून गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याबद्दलची तक्रार आपल्या नांदेडातच जुनी आहे. ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचाच असेल, तर तो घंटागाडीतून न्यावा; आमच्याकडे कांचनवाडीला तसा प्रकल्प उभारलाही गेला आहे.

त्यातून आपला कचरा पाहा. त्या यंत्रात पाती नसतात; फिरणाऱ्या तबकडीवरील ठोकळे कचरा कडेच्या खरबरीत कड्यावर भिरकावून घासतात. उसाचे चिपाड, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याच्या कणसाची साल यांचे धागे त्यात गुंडाळले जातात, आंब्याची कोय फिरतच राहते, आणि शिळा भात पाइपात फुगून बसतो. तर्रीवरचे तेल थंडीत त्याच पाइपात गोठले की, प्लंबरला बोलावण्यावाचून मार्ग उरत नाही.

प्रतिसाद (बीड) :
सर्वांनी पाण्याचा आणि पाइपांचा हिशेब मांडला. भांडी घासणाऱ्या मावशींच्या महिन्याच्या पगाराचा हिशेब मात्र एकाही प्रतिसादात दिसला नाही.

प्रतिसाद (परभणी) :
बीडच्या काकांना विचारावेसे वाटते की, ज्या घरी मावशी येत नाहीत, तेथे भांडी कोण घासते? आमच्या घरी सकाळचा डबा, दुपारचे जेवण आणि पाहुणे या सर्वांची भांडी सून या नात्याने माझ्याच वाट्याला येतात. यंत्र घेतले म्हणून कोणाची नोकरी जाणार नाही. माझी रात्रीची झोप तेवढी वाढेल.

प्रतिसाद (जालना, प्लंबिंगची कामे घेतो) :
घ्यावे की न घ्यावे, हा आपापल्या घरचा प्रश्न आहे. मी फक्त डिशवॉशर बसवण्याविषयी लिहितो, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसते, तर ओट्याखालच्या कामात असते.

पहिली बाब क्षारांची. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसेल, तर ६०० पर्यंत सूट आहे. आपल्याकडचे कित्येक बोअर याही पुढे जातात. यंत्रात पाणी मऊ करणारा कप्पा असतो, परंतु त्यात यंत्रासाठीचेच जाड मीठ घालावे लागते. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ घातल्यास तो कप्पा बिघडू शकतो. पाणी तपासून घ्यावे आणि यंत्रावर कठीणपणाचा आकडा त्याप्रमाणे लावावा. नाहीतर पेल्यांवर पांढरा थर येतो आणि दोष यंत्राला लागतो.

दुसरी बाब दाबाची. बऱ्याच यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, आणि १० मीटर उंचीवरून सुमारे १ बार मिळतो. बैठ्या घराच्या गच्चीवरची टाकी ओट्याच्या नळापेक्षा जेमतेम तीन मीटर उंच असते, त्यामुळे तेथे टाकीला उंच चौथरा किंवा छोटा प्रेशर पंप लागतो. विजेसाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, वेगळा एमसीबी आणि खरोखरीचे अर्थिंग हवे. सॉकेट यंत्राच्या पाठीमागे न ठेवता शेजारच्या कपाटात ठेवावे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी यंत्र ओढून काढावे लागत नाही. सांडपाण्याची नळी ओट्याच्या खालच्या पृष्ठभागापर्यंत वर नेऊन मग सिंकच्या पाइपाला जोडावी; तसे केले नाही, तर सिंकमधील घाण पाणी यंत्रात उलटे शिरते.

हे सर्व ऐकूनही कोणाला दोन्ही यंत्रे बसवायचीच असतील, तर डिशवॉशरची नळी डिस्पोजरला जोडण्यापूर्वी त्याच्या तोटीतील बंद बूच ठोकून काढावे. ते तसेच राहिले, तर पहिल्याच फेरीनंतर पाणी डिशवॉशरमध्ये तुंबते.

यंत्र आत्ता घ्यायचे नसले, तरी फरशी आणि ग्रॅनाइट बसण्यापूर्वी नळ, सांडपाण्याचे तोंड आणि सॉकेट काढून ठेवावे, आणि सिंकशेजारी ६० सेंटिमीटरचा एक सुटा कप्पा करून घ्यावा. नंतर ओटा फोडण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक येतो.

प्रतिसाद (लातूर) :
जालन्याच्या भाऊंनी सांगितलेली तयारी करून ठेवण्याला माझी हरकत नाही. तरीही यंत्राची रक्कम हाताशी असेल, तर मी आधी जमिनीखालचा हौद वाढवीन आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी त्यात घेईन, कारण बोअर आटल्यानंतर १० लिटरच्या यंत्रालाही टँकरचीच वाट पाहावी लागते. परभणीच्या ताईंचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. आमच्या घरी घमेले कोणापुढे असते, हे त्यांनी न विचारताच ओळखले आहे.