पार्लर, सलून, टॅटू... येताना सोबत काय आणलंत?

मी नखुरडं आणलं. शनिवारी मॅनिक्युअर, मंगळवारी अंगठा ठसठसायला लागला, शुक्रवारी डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला. नखाच्या बुडाशी असते ती पातळ कातडी मी हौसेने कापून घेतली होती. ती म्हणजे नखाच्या मुळाचं बूच. काढलं की जंतूंना रान मोकळं. आणि अवजारं कशी चकचकीत, निळ्या दिव्याच्या पेटीतून काढलेली! नंतर कळलं, त्या पेटीत उजेड पडतो तिथलेच जंतू मरतात, कटरच्या सांध्यातले मजेत असतात. तुमचंही लिहा, लाजू नका.

*

माझं टॅटूचं. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, हातमोजे नवे, म्हणून मी निर्धास्त. पंधरा दिवसांनी बारीक लाल पुटकुळ्या आल्या, त्याही फक्त करड्या छटेवर. काळ्या रेषा स्वच्छ. अ‍ॅलर्जी समजून महिनाभर मलम चोळलं, वाढतच गेलं. शेवटी कातडीचा तुकडा तपासला तेव्हा मायकोबॅक्टेरियम निघाला. क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, नळाच्या पाण्यातही राहणारा. आर्टिस्टला विचारलं तर बिचाऱ्याने सरळ सांगितलं, करडा रंग करायला काळ्या शाईत नळाचं पाणी घालतो म्हणून. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना हा जंतू जुमानत नाही. दोन औषधं चार महिने घेतली. बरं, आर्टिस्टने पाणी घातलं नाही तरी सुटका नाही. २०११च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला एकाच आर्टिस्टच्या १९ गिऱ्हाइकांना हेच झालं होतं, आणि तिथे करडी शाई तयारच विकत आणलेली होती.

*

पाण्यावरून आठवलं. पेडिक्युअरच्या आदल्या रात्री मी पायांवर रेझर फिरवला होता. नंतर पोटऱ्यांवर केसतुडं. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका सलूनमध्ये शंभरावर बायकांना असंच झालं होतं. पाय बुडवायच्या टबाच्या जाळीमागे केस आणि मळ साचलेला. माझ्या पोटरीवर डाग अजून आहेत.

*

दाढीत नायटा. ट्रिमर सगळ्यांना एकच. मी शहाणपणा करून स्टेरॉइडचं मलम लावलं, खाज थांबली, नायटा पसरला.

*

कानाची वरची कड बंदुकीने टोचली होती. तिथल्या कूर्चेला, म्हणजे कानाच्या मऊ हाडाला, रक्तपुरवठा नसल्यातच जमा, त्यामुळे पू झाला की औषध पोचायला वेळ लागतो. कड आता चुरगळल्यासारखी दिसते. केस मोकळे सोडते, एवढंच.

*

मी पार्लर चालवते, म्हणून दुसरी बाजू. 'वॅक्स गरमच असतं, त्यात काय जंतू राहणार?' असं माझ्याकडच्या मुलीही म्हणायच्या. अहो, कातडी सोसेल इतक्या उष्णतेने काय मरणार! काडी एकदा अंगाला लागली की डब्यात परत जात नाही, हा माझ्याकडे नियम आहे. दोऱ्या-काड्यांपेक्षा त्रास ऑटोक्लेव्हचा, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राचा. १२१ अंशांवर वाफेत ठेवायचं हे सगळे सांगतात. आधी घासून धुवायचं कोणी सांगत नाही, आणि मळ चिकटलेला असेल तर वाफ आतपर्यंत पोचतच नाही. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू रक्ताच्या वाळक्या डागातही ७ दिवस टिकतो, म्हणून आम्ही सगळ्यांनी लशीचे तीनही डोस घेतलेत. पण तुम्हीही थोडं सांगा ना! ओठावर नागीण उठलेली असताना लिपस्टिक लावून अप्पर लिप्सला येतात. मला दोनदा वॅक्सचा आख्खा डबा फेकावा लागलाय.

*

ताई, ही चर्चा मीच सुरू केलीय तरी कबूल करते: ती लिपस्टिकवाली युक्ती मीही एकदा केली होती. लग्न तोंडावर होतं.